फोडणीच्या पोळीसारखं जग

ताई, नमस्कार. मी 26 वर्षांचा, राहणार राजेंद्रनगर, नोकरी विजयनगरला. दर रविवारी दुपारी आमच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही पाच जण डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे एकाने रचलेल्या जगात बाकीचे एकेक पात्र होऊन, फासे टाकत गोष्ट पुढे नेतात तो खेळ. डीएम, म्हणजे जग रचणारा आणि गोष्ट चालवणारा, मी. सात महिने खपून मी एक जग तयार केलं: बारा राज्यं, तीन हजार वर्षांचा इतिहास, चाळीस पानांची फाइल, नकाशा वेगळा. पण खेळताना ते जग उभंच राहत नाही. मागच्या रविवारी पार्टी, म्हणजे मित्रांच्या पात्रांची टोळी, एका खाणावळीत शिरली. एकाने विचारलं, जेवायला काय आहे? मी म्हटलं, स्ट्यू. तो म्हणाला, कशाचा? मला काही सुचेना, मी गप्प. सगळे हसत सुटले आणि पुढचा तासभर खाणावळवाल्याला 'स्ट्यूभिया' (भिया म्हणजे आमच्या इंदुरी बोलीत भाऊ) म्हणत राहिले. त्याच सेशनमध्ये राजाचा खून झाला, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. एक मित्र म्हणतो, हे युरोपी जग परकं वाटतं, सगळं मालव्यात आण. दुसरा म्हणतो, जादू आहे तिथे खरं-खोटं कसलं बघतोस. मी काय करू? सगळं पुन्हा लिहू का? पहिली चार पानं आणि नकाशा सोबत पाठवतोय.
— स्ट्यूभिया, इंदूर

स्ट्यूभिया, तू ताई म्हणालास म्हणून अरेतुरे करते, राग मानू नकोस. आणि पुन्हा काही लिहायला बसू नकोस. सात महिने पुष्कळ झाले.

आधी तो 'कशाचा?' बघू. तुझ्या मित्राला भूक लागली नव्हती, कचोरी खाऊनच बसला असणार. घर बघायला गेलेला माणूस भिंतीवर टकटक करतो ना, तशी त्याने तुझ्या जगावर टकटक केली आणि आवाज पोकळ आला. हसले म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. कंटाळलेला खेळाडू हसत नाही, तो मोबाइल काढतो.

तुझी चार पानं वाचली. राजे, लढाया, वंशावळी, सगळं चोख. पण एक गोष्ट खटकली. दुसऱ्या युगात बांधलेला किल्ला चौथ्या युगातही किल्लाच आहे. देऊळ देवळाच्या जागी, बाजार बाजाराच्या जागी. ज्याने जे ज्या कामासाठी बांधलं, ते हजार वर्षांनीही त्याच कामाला येतंय. असं कुठे होतं रे? आपल्या घरात रात्रीची पोळी सकाळी फोडणीची पोळी होते. आजीचं लुगडं गोधडी होतं, गोधडी विरली की पायपुसणं. जग असंच शिळं असतं, आणि त्या शिळ्याला फोडणी देऊन कुणीतरी आपलं पोट भरत असतं. तुझं जग नुकतंच तव्यावरून उतरलेलं आहे, म्हणून ते खोटं वाटतं.

तू इंदुरात राहतोस, तुला हे शिकायला लांब जायला नको. छावणीत आज शिपाई दिसत नाहीत, धान्याची मंडी दिसते. तोफखान्यात तोफ नाही. सराफ्यात रात्री सोन्याच्या दुकानांची शटरं पडली की त्याच ओट्यांवर कढया चढतात, भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद. रात्री गर्दी राहिली तर दुकानं फुटणार नाहीत म्हणून सराफांनीच हे चालू दिलं, असं सांगतात. एका ओट्याला दोन संसार, एक दिवसाचा, एक रात्रीचा. आता सकाळी त्या ओट्यावरचा तेलाचा डाग कुणी पुसायचा? एवढ्यावर तुझं एक सेशन निघेल, ड्रॅगन लागणार नाही.

सराफ्याचा विषय निघालाच आहे तर नाण्यांकडे येऊ, कारण खेळात तुम्ही सगळ्यात जास्त हाताळता ती नाणी आणि सगळ्यात कमी विचार करता तोही त्यांचाच. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात होळकरांच्या टांकसाळीत जो रुपया पडायचा त्यावर नाव कुणाचं होतं? मल्हाररावांचं नाही, अहिल्याबाईंचंही नाही. दिल्लीच्या बादशहाचं, शाह आलमचं. ज्या बादशहाचे डोळे 1788 मध्ये गुलाम कादिरने काढले, ज्याचा हुकूम मालव्यात कुणी विचारत नव्हतं, त्याचं नाव. 1806 मध्ये तो वारला, तरी पुढे कित्येक वर्षं इंदूरच्या रुपयावर त्याचं नाव निघतच राहिलं. बाजाराला त्या नावाची सवय होती आणि सवय मोडली तर पैसा अडतो. होळकरांनी आपली खूण तेवढी घातली, महेश्वरच्या नाण्यावर शिवलिंग आणि बेलाचं पान. इकडे अहिल्याबाई हुकुमांवर स्वतःचं नाव न घालता 'श्रीशंकर' लिहीत. म्हणजे नाण्यावर बादशहा, कागदावर महादेव आणि कारभार बाईंचा. हे तुझ्या फाइलीत असतं तर तुझे मित्र म्हणाले असते, भिया, उगाच गुंता केलास.

त्या काळी संस्थानागणिक रुपया वेगळा, वजन वेगळं, चांदीचा कस वेगळा. परका रुपया घेऊन सराफाकडे गेलं की तो पारखून, वाजवून बघायचा आणि बट्टा कापून घ्यायचा. बट्टा हा शब्द तुझ्या फाइलीत एकदा तरी यायला हवा.

आता तुझी पार्टी गुहेतून हजार वर्षांपूर्वीच्या सोन्याच्या नाण्यांची पेटी घेऊन गावात येते. आजवर दुकानदाराने नाणी मोजून घेतली आणि तलवार दिली, बरोबर? तुमच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या 2014 च्या नियमांत बघ. बिनकसबी मजुराची रोजी दोन चांदीची नाणी, आणि एका सोन्याच्या नाण्याची चांदीची दहा. म्हणजे हजार सोन्याची नाणी ही एका मजुराची पाच हजार दिवसांची कमाई, जवळजवळ चौदा वर्षांची. असल्या नाण्याने कुणी खाणावळीचं बिल द्यायला गेलं तर समोरून पहिलं वाक्य काय येईल? 'सुट्टे नाहीत.' बास, जग उभं राहिलं. मग सराफाकडे जा. सराफ नाणं उलटसुलट करून बघतो, वरचं नाव मोठ्याने वाचत नाही, तीस टक्के बट्टा सांगतो आणि विचारतो, 'अजून आहेत का?' दिवे लागायच्या आत ही बातमी कुठकुठे जाईल याचा विचार तू कर. एवढं सोनं आलं म्हटल्यावर ज्याचं देणं थकलंय तोही येईल, आणि ती गुहा आमच्या पणज्याची होती म्हणणाराही.

या बाबतीत पुस्तक तुला फारशी मदत करणार नाही. 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी हा खेळ आणला तो बाहुल्यांच्या फौजा मांडून खेळायच्या युद्धखेळांतून. म्हणून तलवारीच्या घावाचा हिशेब नियमांत पानंच्या पानं सापडतो आणि रात्रीच्या जेवणाचा ओळ-दोन ओळींत. खेळ स्वतःच फोडणीची पोळी आहे म्हण ना.

तर तुझा स्ट्यू. तो कशाचा, हे ठरवायला मेनूकार्ड लिहू नकोस. त्या गावात आधी काय होतं ते ठरव. समज, साठ वर्षांपूर्वी तिथे राजाच्या घोडदळाचा तळ होता. घोड्यांना हुलगे लागतात, म्हणून सरकारी हुकुमाने आसपासच्या सगळ्या शेतांत हुलगेच पेरले. पुढे घोडदळ गेलं. बियाणं राहिलं, पेरायची सवय राहिली, जमीन हलकी असल्याने दुसरं धड काही येतही नाही. म्हणून गाव दोन पिढ्या हुलग्याचे शेंगोळे खातं, लसणाची फोडणी देऊन, आणि ते चांगले लागतात. पण पाहुण्यापुढे वाढायची लाज वाटते, कारण पलीकडच्या गावचे लोक यांना 'तोबरेखाऊ' म्हणून चिडवतात. घोड्याच्या तोंडाला बांधतात तो तोबरा. आता पार्टीतला कुणी विचारतो, 'स्ट्यू कशाचा?' आणि खाणावळवाला उत्तर देत नाही.

लक्षात आलं का? मागच्या रविवारी तू गप्प बसलास असं तुला वाटतंय. मी म्हणते, तो गप्प बसला. पुढच्या सेशनला खाणावळवाल्याच्या पोराला पार्टीच्या मागे धावत येऊ दे, 'बाबांना पुन्हा ते विचारू नका' एवढंच सांगायला. तुझे मित्र ज्याच्यावर तासभर हसले तो माणूस एका वाक्यात माणूस होईल. माझा अंदाज, ते ओशाळतील. निदान एक जण तरी.

आणि आता राजाचा खून. तो कुणाला का लागला नाही? कारण राजा मेल्याने गावात कुणाची चूल विझत नव्हती. घोडदळातल्या म्हाताऱ्यांना आणि विधवांना वर्षाकाठी जे काही मिळतं ते राजाच्या खाजगीतून मिळतं, असं ठेव. खाणावळवाल्याच्या आईला मिळतं. राजा मेला, नवा राजा जुन्या याद्या फाडणार. खुनाची बातमी घेऊन जासूद खाणावळीत शिरतो तेव्हा ती म्हातारी चुलीपाशी बसलेली असू दे. तिला ओरडायला, रडायला लावू नकोस. तिने फक्त विचारावं, 'नक्की का?'

तुझा दुसरा मित्र म्हणतो जादू आहे तिथे खरं-खोटं काय. त्याचं मला मुळीच पटत नाही. जादू आली की हिशेब सैल होत नाही, उलट जास्त कडक होतो. तुमच्याच नियमांतला अन्न-पाणी निर्माण करण्याचा मंत्र घे, तिसऱ्या पातळीचा. एकदा म्हटला की पंधरा माणसांचं किंवा पाच घोड्यांचं एका दिवसाचं भागतं. पन्नास हजारांच्या नगरात दुष्काळ पडला तर हा मंत्र रोज तीन हजार तीनशेहून जास्त वेळा म्हणावा लागेल. एवढे पुजारी कुठून आणशील? म्हणजे जादूने भूक मिटत नाही, जादूने पंधरा जण निवडावे लागतात. कोणते पंधरा, हे देवळाच्या पायरीवर कोण ठरवतं? आणि तबेल्यातल्या पाच घोड्यांसाठी सरदाराचा माणूस चिठ्ठी घेऊन आला तर?

अजून पुढे वाच. ते अन्न फिकं असतं, असं नियमातच म्हटलंय. म्हणजे त्या देवळाबाहेर चटणी, लोणचं, मीठ विकणाऱ्यांची रांग हवी. (पोह्यांवरही शेव घेणाऱ्या शहराला हे मी काय सांगायचं.) आणि उरलेलं अन्न चोवीस तासांत नासतं. साठवता येत नाही, वेढा पडायच्या आधी कोठारात भरता येत नाही, त्यावर कर म्हणून वाटा घेता येत नाही. या एका अन्नाची फोडणीची पोळी होत नाही, आणि म्हणूनच राजाला ते नको असेल आणि गरिबाला हवं असेल. मंत्राच्या चार ओळींत केवढं राजकारण दडलंय बघ. तुझ्या नव्या धर्मपीठाच्या अडीच पानी वर्णनात मला एवढं सापडलं नाही.

नकाशाबद्दल एकच सांगते. राजधानी डोंगराच्या टोकावर काढली आहेस, छान दिसते, पण पाणी? आपलं शहर नर्मदेच्या पाण्यावर जगतं. ते सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांनी घाट चढवून येतं. त्यासाठी 1970 मध्ये लोक रस्त्यावर उतरले होते आणि पहिला टप्पा 1978 मध्ये आला. तुझ्या राजधानीत पाणी वर कोण चढवतं ते ठरव. जो कुणी चढवत असेल, सिंहासनावरचा राजा त्याला दबकून असणार.

आता मालव्यात आणायचं का? पहिल्या मित्राला जे परकं वाटतंय त्याचं कारण युरोप नाही, पोकळपणा आहे. राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या जशाच्या तशा खेळात आणल्यास तर तुझे मित्र जग बघणार नाहीत, चुका काढतील. 'अरे भिया, तिथून डावीकडे रस्ताच नाहीये.' अहिल्याबाईंना तर खेळात बोलायला लावूच नकोस. तू त्यांच्यासाठी फासा टाकशील, एक पडेल, म्हणजे सपशेल फजिती, आणि खालच्या मजल्यावर तुझी आजी ऐकत असेल.

नावं घेऊ नकोस, घडण घे. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली. भोंगा नाही, पगार नाही. तरी अनंत चतुर्दशीच्या रात्री बंद पडलेल्या मिलांच्या नावाच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले फिरते देखावे, दिव्यांनी लखलखत निघतात आणि अख्खं शहर रात्रभर रस्त्यावर उभं राहून बघतं. बाहेरगावच्या माणसाला हे समजावून सांगताना माझी दमछाक होते: मिल नाही, मग मिरवणूक कुणाची? हेच तुझ्या बुटक्यांच्या राज्यात ने. खाण शंभर वर्षांपूर्वी आटली, पण खाणकामगारांच्या पंचायतीचा रथ दर वर्षी निघतो. रथाचा खर्च कोण करतं, पहिला दोर कुणी धरायचा यावर कुणाचं कुणाशी फाटलंय, आणि यंदा रथ काढायचा नाही असं कोण म्हणालं? एवढं केलंस की तुझे बुटके दाढीवाले परदेशी राहणार नाहीत, आपल्या गल्लीतल्या मंडळाचे वाटतील.

नावांबाबत मात्र थोडी शिस्त पाळ. आपल्याकडे मुसाखेडी, पिपल्याराव, छावणी, तोफखाना ही नावं एकाच शहरात नांदतात आणि नुसती ऐकून कळतं की इथे वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे लोक येऊन गेले. तुझ्या बाराही राज्यांतली गावं एकाच माणसाने एकाच दुपारी ठेवल्यासारखी वाटतात. जे खरंच आहे म्हणा.

चाळीस पानांचं काय? फेकू नकोस, पण ती खोलीत नेऊही नकोस. मीही या वाटेने गेले आहे. होस्टेलच्या दिवसांत, झेरॉक्स काढलेल्या नियमांवर माझं पहिलं कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशनं चालणारी एक गोष्ट, चालवलं तेव्हा मी तेरा महिन्यांचं पंचांग बनवलं होतं, प्रत्येक महिन्याचा सण वेगळा, ग्रहणांचं कोष्टकसुद्धा. वर्षभर खेळलो. आज तारीख काय, असं एकानेही विचारलं नाही. उलट एकदा एका मैत्रिणीने सहज विचारलं, या गावच्या वेशीला दारं का नाहीत? चित्र काढताना ती काढायची राहिली होती, एवढंच. मी म्हटलं, 'विकली.' पुढची तीन सेशनं ती दारं कुणी विकली, कुणी घेतली आणि सध्या ती कुणाच्या वाड्याला लागली आहेत हे शोधण्यात गेली. पंचांग अजून माळ्यावर आहे.

म्हणून पुढच्या रविवारसाठी एक गल्ली पुरे. खाणावळ, सराफाचं दुकान, जुना तबेला. प्रत्येकाबद्दल दोनच गोष्टी तुला माहीत हव्यात: हे आधी काय होतं आणि आज यावर कुणाचं पोट आहे. तबेल्यात आज काय आहे ते तू ठरवू नकोस, खेळताना त्या 'कशाचा?' विचारणाऱ्याला विचार: 'तू या भागातलाच ना? इथे आता काय भरतं?' तो जे सांगेल ते मान्य कर, शाळा म्हणाला तर शाळा, दारूचा गुत्ता म्हणाला तर गुत्ता. स्वतःच्या तोंडून निघालेल्या गोष्टीला माणूस सहसा पोकळ म्हणत नाही. मग भिंतीत अजून लोखंडी कड्या आहेत, एवढंच तू वर घाल.

आणि ते घोडदळ कुठे गेलं, हे मी मुद्दामच सांगितलेलं नाही. तूही ठरवू नकोस. एखाद दिवशी पार्टीतलं कुणीतरी विचारेलच, एवढे घोडे गेले कुठे? तेव्हा घाईने उत्तर देऊ नकोस. म्हातारीला चुलीतलं लाकूड पुढे सारू दे.